बैठकीच्या आदल्या दिवशी

कार्यालयात त्याला सगळे काका म्हणत, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा. बावीस वर्षं तो वाचनालय समितीच्या बैठकांचं इतिवृत्त लिहीत होता, आणि त्यातली निदान अठरा वर्षं बैठक व्हायच्या आधीच. माणसं तीच, खुर्च्या त्याच, बोलणंही तेच. मग कान कशाला शिणवायचे? आदल्या दिवशी टाइप करायचं, बैठकीत सह्या घ्यायच्या आणि चहा गरम असताना प्यायचा. आपल्याला भविष्य कळतं, असं तो घरी सांगे. बायको म्हणे, "मग परवा तुमच्यापुढचं दूध उतू जाणार होतं, ते नाही कळलं?"

नव्या कायद्याने समितीवर पंचविशीच्या आतले दोन सदस्य घेणं सक्तीचं केलं. त्यांच्या नोंदवलेल्या मागणीला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. काकाने कायदा मन लावून वाचला आणि आपल्या मजकुरात एक वाक्य वाढवलं: 'युवा सदस्यांनी समाधान व्यक्त करून आभार मानले.'

पहिल्या बैठकीला त्या दोघांतली एकच आली. छापखान्यात शिकाऊ, नखांत काळी शाई. सह्यांचा कागद फिरत तिच्यापाशी पोचला, तेव्हा अध्यक्ष अजून चष्माच पुसत होते. ती ओळीखालून बोट फिरवत वाचू लागली. काकाने चहाचा कप खाली ठेवला.

"काका, मी अजून तोंड उघडलं नाही," ती हळूच म्हणाली, "आणि इथे आभार मानून मोकळीही झालेय."

"तशी पद्धत असते, बाळा."

"बरं. मग मी बोलणार ते कुठे लिहाल? खाली जागाच नाही."

ती बोलली ते एवढंच: अभ्यासिका पाचला बंद होते, शिकाऊ मुलांना सुट्टीच पाचला होते. तीन महिन्यांवर कामाची परीक्षा आहे. घरी एका खोलीत सहा माणसं. अभ्यासिका आठपर्यंत उघडी हवी.

"पुढच्या बैठकीत बघू, असं लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"आधी माझी मागणी लिहा ना," ती म्हणाली. "कागदावर आली नाही, तर तीस दिवस सुरूच होणार नाहीत."

कायदा आपण एकट्यानेच वाचलाय, हा काकाचा भ्रम तिथे फुटला. त्याने कागद उलटा केला आणि हाताने लिहायला घेतलं. अक्षर असं, की मुंगी शाईत पडून घाईने घरी गेली असावी.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तराचा मसुदा करायला फाइल त्याच्याकडेच आली. 'विचाराधीन आहे' हे बोटांनी परस्पर टाइप केलं. ते खोडून तो अध्यक्षांकडे गेला.

"माझी ना नाही," ते म्हणाले, "पण किल्ली घेऊन आठपर्यंत बसणार कोण?"

काका टेबलाशी परतला आणि त्याने नेहमीच्या कार्यालयीन थाटात लिहिलं: 'किल्ली सांभाळण्यास समितीचे लेखनिक तयार आहेत.' वाक्य छान जमलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की लेखनिक म्हणजे आपणच.

"रोज आठ?" बायको म्हणाली. "बरं झालं. निदान दूध तरी माझ्यावर सोडाल."

आता तो अभ्यासिकेत दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. समोर छापखान्याची पोर पुस्तकावर बोट फिरवत असते. बैठकीच्या आदल्या दिवशी तो सवयीने कागद घेतो, तारीख घालतो आणि थांबतो. बैठकीतला चहा हल्ली गारच प्यावा लागतो.