देवाखालची घोंगडी

ये बाई, अशी जवळ ये. रुसलेल्या व्याह्यासारखी लांब नको बसू. मोठी बहीण आहे मी तुझी, तुला रागवायचा हक्क अजून माझ्याकडंच आहे. फोन का उचलत नाहीस? तुझी सून उचलते आणि म्हणते, "मावशी, त्या शेतात गेल्यात." एवढ्या उन्हात, भर दुपारी, कन्नडच्या त्या रानात काय करतेस गं तू? ढेकळं मोजतेस? खोटं बोलायचं तर सुनेला नीट शिकवून तरी ठेवावं.

तर आता लिहूनच सांगते. मी बोलते तशीच लिहिते, दुसरं मला येत नाही. अक्षरं लेकाच्या पुस्तकांवरून उचलली, शाळेनं कुठं दिली? आणि हे तुझ्या एकटीसाठी नाही. ज्यांच्या घरात माझ्या नातीसारखं लेकरू आहे, त्यांनीही बसावं ऐकायला.

नात म्हणजे थोरल्याची धाकटी. कॉलेजात जायच्या वयाची झाली. तिला ऑटिझम आहे, हे तुला मी कितीदा सांगितलं, आणि तू दर वेळी म्हणालीस, "व्हय व्हय, लाजाळू हाय जरा." लाजाळू नाही बाई. तिची घडणच वेगळी आहे. आपण स्वयंपाकघरात बसलो की पंखा असतो, कुकर असतो, बाहेर कुणाची तरी गाडी असते, वरून विमान जातं. आपण ते सोडून देतो आणि एकमेकींचं ऐकतो. तिला सोडता येत नाही. सगळं एकदम, सारख्याच जोरानं आत येतं. वास, उजेड, अंगाला टोचणारी शिवण, सगळंच. फार झालं की शब्द जातात, आणि मग हाताची मूठ वळून कपाळाकडं जाते.

एकदा शांत असताना मी विचारलं होतं, का गं माय मारतेस? तिनं लई वेळ घेतला. मग म्हणाली, "आज्जी, सगळे एकदम बोलतात. मारलं की एकच उरतं."

"मग?"

"मग दुखतं. मग सगळे परत."

रागानं नाही, हट्टानं नाही. बुडणारा माणूस हात मारतो तसं ते आहे.

तिच्या भावाच्या लग्नाआधी तिचा डावा डोळा लाल झाला म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. ते म्हणाले, आतला पडदा नाजूक झालाय. भुवईपाशी आता पुन्हा जोराचा मार बसला आणि तो सुटला, तर त्या डोळ्याची नजर परत येईलच असं नाही. तेव्हापासून आमच्या घरात दुसरी काळजीच उरली नाही. भाव वाढले काय, पाणी आलं नाही काय, आम्ही सगळे तिच्या डाव्या भुवईकडं बघत जगत होतो.

थेरपीच्या बाई येतात, त्यांनी तिला एक खूण शिकवली. शब्द गेले तरी खूण राहते. दोन्ही हात छातीवर आडवे टाकायचे, म्हणजे 'दाब'. मग आम्ही वजनदार गोधडी अंगाभोवती घ्यायची, खांद्यावरनं सावकाश, भक्कम दाबायचं. चोळायचं नाही, गोंजारायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. हात धरून ठेवायचे नाहीत, कारण धरले की तिच्या अंगावर आणखी एक गोष्ट येते. आणि 'सोड' म्हणाली की त्याच क्षणी सोडायचं. घरात हे बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. मूठ वर निघायची, अर्ध्यात थांबायची आणि छातीकडं वळायची. तो वळणारा हात बघितला की मला वाटायचं, पोरीनं गड जिंकला.

आणि मग तिच्या भावाचं लग्न झालं, आणि देवाचं जागरण आलं.

ते तर तू होतीसच. आपल्यात लग्नानंतर जागरणाशिवाय सुटका नाही. रात्री वाजवायला सोसायटीवाले तयार नव्हते, म्हणून दिवसा, इथं चिकलठाण्याच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये. गाड्या बाहेर काढल्या, खांबाला झेंडूच्या माळा बांधल्या. काळी घोंगडी अंथरली, तिच्यावर गव्हाचा चौक, कलश, आणि आपल्या बापाच्या वेळचे देवाचे टाक. ढोलवाले गावाकडनं आले. रानात वाजणारा ढोल वेगळा, बाई. वर सिमेंटचं छत असलं की तो आवाज जातच नाही कुठं, फिरून फिरून अंगावर येतो. माझ्याच छातीत धडधड होत होती.

नात वर घरात, आतल्या खोलीत होती. पडदा ओढलेला, कानावर ते जाड हेडफोन, दाराशी तिची आई. असं सगळं ठरवलेलं. तिच्या आईला स्वयंपाकवाल्यांनी खाली बोलावलं, आणि तेवढ्यात तू वर गेलीस.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू मायेनंच गेलीस. एवढ्या कार्यात पोर एकटी अंधारात बसलेली तुला बघवली नाही. तू म्हणालीस म्हणे, "भावाचा देव, आन् बहीण कोंडून? ह्यांना काय कळतं का नाय!" तिच्या कानावरचं काढलंस, केसांत गजरा माळलास, हाताला धरून खाली आणलंस. ती आली, कारण तिला तू आवडतेस.

मी चौकापाशी आरतीचं ताट घेऊन उभी होते. जिन्याच्या तोंडाशी गर्दी हलली आणि मला गजरा दिसला, खाली तिचं तोंड. कागदासारखं पांढरं. नेमकं त्याच वेळी पुरुषांनी तळी उचलली, "येळकोट येळकोट" झालं आणि मुठीमुठीनं भंडारा उडाला. सगळी हवा पिवळी. हळदीचा वास, झांजा, ढोल, ओल्या अंगांची दाटी. तिनं दोन्ही हात छातीवर आडवे टाकले. मी एवढ्या लांबून बघितलं. तिनं खूण केली, बाई! एवढ्या कल्लोळात त्या लेकरानं बरोबर खूण केली, आणि ती वाचणारं तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मग ती पुढं-मागं डोलायला लागली. आणि कुणीतरी ओरडलं, "आला! देव आला! पोरीच्या अंगात आला!"

पुढचं तुला वेगळं आठवतं आणि मला वेगळं. बायकांनी गजरा ओढून तिचे केस मोकळे सोडले. दोघींनी तिचे हात छातीवरनं काढून बाजूला धरले, देव पडू नये म्हणून. ढोलवाल्यांनी ते बघितलं आणि जोर वाढवला. आपल्यात देव आला की ढोल वाढतो, ते तरी काय करणार? ती हिसडे मारायला लागली तसा आणखी वाढला. तू तिच्या पायावर डोकं ठेवलंस, कपाळाला भंडारा लावलास आणि विचारायला लागलीस, "देवा, माझ्या लेकीची कूस कधी उजवंल? सांग देवा!" मला ऐकू आलं नाही, तुझ्या ओठांवरनं कळलं. मला काय माहीत नाही का तू काय विचारणार?

तिचा एक हात सुटला. मूठ वळली आणि भुवईवर बसली. डाव्या.

मी ताट कुणाच्या तरी हातात कोंबलं. लेकाला ओरडले, "ढोल थांबव!" तो ढोलवाल्याच्या कानाशी गेला, तर त्यांना वाटलं आणखी वाजवायला सांगतोय. मी घुसायला गेले, तर एक म्हातारी मलाच म्हणते, "सरक बाई मागं, देवाला वारं लागू दे." मूठ दुसऱ्यांदा वर गेली. मी कशीतरी हात लांबवला, तेव्हा ती माझ्या पंजावर बसली. बोटं झिणझिणली. पण भुवई वाचली. तिसऱ्या वेळी माझा हात पुरणार नव्हता, कारण गर्दीनं मला परत मागं ढकललं होतं, थेट चौकापाशी.

गोधडी वर होती, तिसऱ्या मजल्यावर. पायाशी घोंगडी होती.

मी वाकले. देवाचे टाक उचलून पदरात बांधले, कलश बाजूला ठेवला, आणि खालून घोंगडी ओढली. चौकाचे गहू फरशीवर सांडले.

ढोल बंद झाला.

कुणी सांगून नाही, आपोआप. टिपरू वरच्या वर राहिलं. देवाचं आसन भर जागरणात ओढलेलं त्या माणसांनी जन्मात बघितलं नव्हतं, आणि मी तरी कुठं बघितलं होतं? त्या शांततेतनं मी चालत गेले. आता कुणी अडवलं नाही. घोंगडी तिच्या अंगाभोवती घेतली, तोंड मोकळं ठेवून. खांबाला पाठ लावून खाली बसले, तिला मांडीशी घेतलं आणि दोन्ही खांदे दाबले. घोंगडी टोचते, दुसऱ्या एखाद्या लेकराला सोसणार नाही. हिला ती खरबरीतच आवडते, लहानपणापासनं.

"म्हातारीला भ्रम झाला," कुणीतरी म्हणालं.

ढोलवाल्यांतले जाणते पुढं आले. "आक्का, ह्ये काय केलंत? देव उठवला तुमी."

मी हळू आवाजात म्हणलं, "देव माझ्या पदरात हाय, दादा. त्याला काय झालं नाय. हिचा डोळा गेला तर तो कुणाच्या पदरात घालू?"

त्यांनी ढोल खांद्यावरनं उतरवला आणि अलगद, आवाज न करता भिंतीशी टेकवला. माझ्या लेकानं लोकांना हातानंच मागं सारलं. कुणाचा तरी मोबाईल वाजला तशी ती घोंगडीत ताठ झाली, मूठ पुन्हा घट्ट. मी दाबत राहिले. वरनं विमान गेलं. तेव्हाही ताठ झाली. मला वाटलं आता सुटतंय सगळं. माझी बोटं सुजायला लागली होती, आणि मी मनातसुद्धा काही म्हणत नव्हते, न जाणो तिला ऐकू जाईल. मग घोंगडीच्या आत काहीतरी हललं. तिच्या मुठी उघडत होत्या. उघडल्या आणि हात छातीवर आडवे आले.

"दाब," ती म्हणाली. शब्द परत आला होता.

लई वेळानं म्हणाली, "सोड." मी सोडलं. ती उठली, गर्दीकडं न बघता जिन्यानं वर गेली. आई तिच्या मागं, दोन पायऱ्या अंतर ठेवून.

तू तोवर पिशवी भरली होतीस. म्हणालीस, "आक्का, आईचा देव पोरीत आला हुता, आन् तू त्याला घोंगडीत गुंडाळून बसवलंस. माझं मागणं अर्ध्यात राह्यलं." आणि गेलीस स्टँडवर. न जेवता. मटण तसंच उरलं, ते तर मी कधीच विसरणार नाही.

डोळ्याचं मात्र तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. एक फटका बसला होता, तेवढ्यानं काय झालं ते कळेना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथं ते औषधाचे थेंब, तो प्रखर उजेड, म्हणजे पुन्हा तोच कल्लोळ. मी डॉक्टरांना आधीच सांगितलं, एकेक गोष्ट करण्याआधी हिला सांगा, आणि हिनं हात आडवे टाकले की थांबा. भले माणूस, थांबले. तीनदा थांबले. लेक बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, पडदा जागेवर आहे. सूनबाई तिथंच भिंतीला धरून रडली. नात म्हणाली, "आई, आवाज नको."

मी देवाला नाही म्हणत नाही, बाई. आपल्या आईच्या अंगात यायचं, तेव्हा आपण दोघी कोपऱ्यात एकमेकींना धरून बसायचो. आईच्या तोंडावर तेव्हा काय असायचं ते आठव. आणि ह्या पोरीच्या तोंडावर काय होतं, तेही आठव. तू पायावर डोकं ठेवलंस, म्हणून तिचं तोंड तुला दिसलंच नाही. नंतर आम्ही देवाला पुन्हा आसन घातलं, नुसत्या दिव्यानं, ढोलाविना. तुझ्या लेकीसाठी मी स्वतः पदर पसरला. तुझं मागणं अर्ध्यात ठेवलं नाही मी.

आता ती खूण आणखी लवकर करते. दाराशी बांगड्या वाजल्या तरी हात छातीवर जातात. म्हणजे फार व्हायच्या आधीच सांगायला शिकली. परवा मला म्हणाली, "कन्नडची आज्जी?" एवढंच. रागावून विचारलं की आठवण म्हणून, मला कळलं नाही. तिलाच विचारलं तर म्हणाली, "गजरा नको. आज्जी चालेल."

ऐकलंस? आज्जी चालेल. मग कसली वाट बघतेस? सकाळच्या एसटीनं निघ. बेल वाजवू नको, मी दार उघडं ठेवते. ती खोलीतनं बाहेर आली नाही तर मनाला लावून घेऊ नको, मग येईल तिच्या वेळेनं. मटण करते, ह्या वेळी जेवूनच जायचं. ये बाई, लवकर ये.