पाण्यावरून आलेला ‘हाव’

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझा धाकटा मामेभाऊ गावच्या तलावात पोहायला उतरला आणि दिसेनासा झाला. त्यानंतर त्याच्या थोरल्या भावाने त्याला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा पाण्यावरून ‘हाव’, म्हणजे हो, असं उत्तर आलं.

तलाव संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. एका बाजूला मातीची भिंत, बाकी सगळीकडे शेतं. त्या वर्षांत जिकडेतिकडे बीटी कपाशी होती, पार पाण्याच्या काठापर्यंत लावलेली. या बियाण्याला फवारणी कमी लागेल, असं सुरुवातीला सांगितलं गेलं होतं. बोंडअळीपुरतं ते काही काळ खरंही होतं. पण मावा आणि तुडतुड्यांसाठी पंप पाठीवर घ्यावाच लागे. फवारायच्या विषाला गावात औषध म्हणत. औषधाचे रिकामे डबे तलावातच विसळायचे, झाकण घट्ट लावायचं, दोरीने छातीशी बांधायचे आणि त्यांच्या आधाराने तरंगायचं. आधीच्या पिढीचे सुके भोपळे तोवर मागे पडले होते.

मी तेव्हा शहरात एका वर्तमानपत्रात काम करत होतो आणि सणाला मामाकडे आलो होतो. पोहायला आम्ही चौघे गेलो: मी, दोघे मामेभाऊ आणि शेजारचा गादीवाला. गादीवाला मुसलमान, थोरल्या मामेभावाचा वर्गमित्र. पोहण्यात आमच्यात तोच तरबेज. बैल धुऊन भिंतीवर बांधले होते. मामी भिंतीच्या पलीकडच्या टोकाला बैलांच्या झुली धूत होती.

धाकट्याने सकाळभर कपाशी फवारली होती. तो जेवला नव्हता. डोकं जड झालंय म्हणाला.

“पान्यात पडला का उतरते,” थोरला म्हणाला.

त्या तलावाचा एक नियम होता. पाण्यातल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. पाण्यात आसरा नावाच्या जलदेवता राहतात, त्यांना नाव कळलं की त्या माणसाला ठेवून घेतात, असं सांगत. काठावर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. म्हणून सगळ्यांना हाक एकच, “हाय का बे?” आणि उत्तरही एकच, “हाव.” गादीवालाही हा नियम पाळायचा.

“पेपरवाले भाऊ,” तो मला म्हणाला, “तुमचं इथी कसं जमन? तुम्हाले तं नाव, गाव, वय सारंच लागते.”

“अन् फोटो,” थोरला म्हणाला. “याचा फोटो छापा भाऊ, याच्या गाद्या खपतीन.”

“कायच्या खपतीन बे? मले पाहून लोकायले झोप येईन काय?”

धाकटा हसला. डबा बांधून तो पाण्यात उतरला आणि मधल्या खोल पाण्याकडे गेला.

आम्ही तिघे पोहून बाहेर आलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि वारा पडला होता. बैलांनी रवंथ थांबवलं होतं. हे मला नंतर गादीवाल्याने सांगितलं. मी स्वतः पाहिलेलं नाही.

थोरल्याने डोकं पुसता पुसता हाक मारली, “हाय का बे?”

“हाव.”

आवाज तलावाच्या मध्यावरून आला असं तिघांनाही वाटलं. आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. खाणं संपत आलं तेव्हा औषधाचा डबा काठाला येऊन टेकला. दोरी त्याला तशीच होती. गाठ सुटलेली नव्हती.

थोरला उभा राहिला. “हाय का बे!”

“हाव.”

या वेळी उत्तर सांडव्याकडून आलं. तिथे पाणी गुडघाभर असतं आणि ती सगळी जागा आम्हाला दिसत होती. तिथे कुणी नव्हतं. आवाज तरुण पुरुषाचा होता, जरा कंटाळलेला.

“प्रतिध्वनी असेल,” मी म्हणालो.

“भाऊ, आपन ‘हाय का’ म्हनलं. वापस ‘हाव’ कसं येईन?” असं म्हणून गादीवाल्याने सूर मारला. तो वर आला तेव्हा हातात नुसता गाळ होता. तो पुन्हा खाली गेला. पुन्हा वर आल्यावर थोरल्याला ओरडला, “नावानं बोलाव त्याले! जो आवाज देऊन राह्यला, तो तुहा भाऊ नाई!”

थोरल्याने नाव घेतलं नाही.

तोवर मामी आली. डबा पाहून तिला सांगावं लागलं नाही. उत्तर आल्याचं मात्र थोरल्याने सांगितलं.

“आवाज त्याचाच होता?”

“माईत नाई, माय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. खात्रीने सांगता येणार नाही, असं मी म्हणालो.

मामी दगडांपाशी थांबली नाही. लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात गेली आणि मुलाला नावाने हाक मारली. पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट. उत्तर आलं नाही.

“पोरगा पान्यात नाई,” ती म्हणाली. “पान्यात असता तं नाव घेतल्यावर आसरायनं उत्तर देलं असतं. वावरात पाहा.”

“काकू, टाईम जाईन,” गादीवाला म्हणाला.

“तू पान्यात पाह्य बावा. आमी वावरात पाह्यतो.”

तो बुड्या मारत राहिला. आम्ही तिघे काठाने पलीकडे गेलो. कपाशी छातीला लागत होती, त्यामुळे दोन ओळींमधून वाकून पाहावं लागत होतं. मामी पुढे होती. तिलाच तो दिसला. पालथा पडला होता, तोंडाला फेस, अंग घामाने भिजलेलं. केस कोरडे होते. श्वास चालू होता.

गाद्या पोचवायच्या टेम्पोतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. फवारणीचं विष अंगात भिनलंय, असं त्यांनी सांगितलं आणि इंजेक्शनं सुरू केली. मामी खाटेजवळून हलली नाही.

नीट बोलता येऊ लागल्यावर धाकट्याने सांगितलं की डब्याच्या वासाने त्याला मळमळलं, म्हणून त्याने दोरी डोक्यावरून काढून डबा सोडून दिला. पलीकडचा काठ लागला, कपाशी दिसली. पुढचं आठवत नाही. हाक ऐकू आली का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. उत्तर दिलं का? नाही.

सणानंतर मी तलावाच्या काठच्या शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना विचारलं. त्या दुपारी तिथे असल्याचं कुणी सांगितलं नाही.

धाकट्याला घरी सोडलं त्या दिवशी टेम्पो गादीवालाच चालवत होता. तलावावरून जाणारा रस्ता जवळचा आहे. मामीने त्या फाट्यावर त्याला वळू दिलं नाही. लांबच्या रस्त्याने आम्ही दिवस मावळायच्या आत घरी पोचलो.