तांडेलाने हात न लावलेला नारळ

धोंडू गेल्याची बातमी दिघीला आम्हाला चौथ्या दिवशी कळली. आषाढात खाडीवरची होडी बंद असते आणि तो राहायचा पलीकडे, आगरदांड्याला. तोवर त्याचं कोर्लईच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफनही झालं होतं. आईने ऐकलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग यंदा होडीवरच्या नारळाचं कसं?" तिचा प्रश्न कळायला थोडं मागे जावं लागेल…

धोंडू तरुणपणी गलबतं लुटणाऱ्या टोळीत होता. लोक ती टोळी चाळीस जणांची सांगतात. मी चौकशी केली आहे. शिक्षा झाली ती सात जणांना. तुरुंगात त्यांचा नायक क्षयाने पडला, तेव्हा साथीदारही जवळ जाईनात. दर रविवारी येणारा एक म्हातारा पाद्री मात्र त्याच्या उशाशी बसायचा, थुंकीचं भांडंही धुवायचा. मरण्यापूर्वी नायकाने बाप्तिस्मा घेतला, त्याच्यामागून तिघांनी. त्यांतले दोघे सुटल्यावर परत आपल्या धर्मात आले. धोंडू आला नाही. त्याचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं, "भाऊ, नायकाला मी पयल्यांदाच न घाबरता निजलेला बघितला."

सुटून आल्यावर त्याला कोणी काम देईना. जुने साथीदार बोलवायला टपलेलेच होते. त्याने दिघीलाच एक मोडकी होडी दुरुस्त करून उतारू न्यायचं ठरवलं. पण आमच्याकडे नारळी पौर्णिमेला तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, आपल्या हाताने समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडीत कोणी पाय ठेवत नाही. धोंडू म्हणाला, मी न्हाय देणार. पौर्णिमेला धक्क्यावर माणसं जमली, चढेना कोणीच.

"पावासाठी बाटलास ना रं?" गर्दीतून एकजण म्हणाला.

"पाव कुठला! तुरुंगात भाकरच होती. पाव हिथं सुटून आल्यावर खाल्ला."

लोक पोट धरून हसले, पण जागचे हलले नाहीत. आईला त्या दिवशी पलीकडे भावाकडे जायचं होतं. मी सोबत होतो. घरचा नारळ तिच्या पिशवीत होता.

"धोंडू, नारळ मी दिला तर तुझा देव रागवेल का रे?"

"तुमचा नारळ, काकू. मी कशाला अडवू?"

"मग वल्हव."

खाडीच्या मध्यावर तिने नारळ सोडला. धोंडू वल्हं थांबवून, टोपी काढून उभा राहिला. परत येताना होडीत अकरा उतारू होते, मी मोजले.

पुढे त्याने आगरदांड्याला घर केलं. दरवर्षी नारळ उतारूंकडूनच यायचा, बहुतेक आमच्या घरचा. एकदा जुना साथीदार त्याला न्यायला आला. धोंडूने त्याला होडीत बसवलं, पलीकडे उतरवलं आणि वर भाडंही घेतलं! त्यानंतर कोणी आलं नाही.

यंदा होडी त्याच्या पुतण्याकडे आली. पुतण्या हिंदूच, तेव्हा तांडेलाने स्वतः नारळ द्यायला आता काहीच आड येत नव्हतं. तरी आईने मला नारळ घेऊन पाठवलं. खाडीच्या मध्यावर मी तो पुतण्यापुढे धरला. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"न्हाय भाऊ. या होडीचा रिवाज हाय… तांडेलानं हात लावायचा न्हाय."

मी नारळ पाण्यात सोडला. पुतण्या टोपी काढून उभा होता.