मळवलेली गाडी

आमच्या मधल्या भावाचा धंदा दातांचा. डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोक तोंडात काड्या घालतात, आणि हा त्यांच्यासाठी कवळ्या नि दातांवरच्या टोप्या बनवतो. चौकातल्या औषधाच्या दुकानावर एक खोली, खिडकीपाशी टेबल, वाकवता येणारा दिवा, आणि आ वासून बसलेले प्लास्टरचे जबडे. मी पहिल्यांदा तिथे गेले त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. शहरातले निम्मे म्हातारे याच्या दातांनी हसतात, पण हा स्वतः हसेल तर शपथ.

कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नाही. दात पांढराशुभ्र केला की खोटा दिसतो, हे त्याचं मत. म्हणून मुळाशी थोडा पिवळेपणा, कुठे केसाएवढी चीर, चहाबाज माणसाला चहाचा डाग. "खरं दिसायचं तर थोडं मळावं लागतं," असं तो म्हणायचा. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायचा, "मला कोण मुलगी देतंय?" मी म्हणायचे, "तू मागितलीस कुणाकडे?"

थोरला दादा सैन्यात होता. रणगाडा चालवायचा. पण रणगाडा हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही. 'गाडी' म्हणायचा, आणि तेही 'माझी गाडी'. निवृत्त झाला, वहिनी गेल्या, आणि मग तो मधल्याकडे राहायला आला. आल्या दिवसापासून चादरीला सुरकुती चालेना, चपला रोज पुसून ओळीत. मी शेंडेफळ, म्हणून मला सगळं माफ. मला तो अजून 'चिमणे' म्हणतो, आणि मी आजी झालेय. मधल्याच्या वाट्याला मात्र कायम 'चालेल'. शाळेत चित्राचं बक्षीस आणलं, दादाने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." दादाचाच पुढचा दात पडला तेव्हा मधल्याने असा हुबेहूब बसवून दिला की डॉक्टरांना खोटा कुठला ते ओळखता येईना. दादाने आरशात तोंड वासून बघितलं. "चालेल." मधला टेबल पुसत राहिला. पुसलेलंच पुन्हा पुसत होता. पन्नाशी उलटली तरी या माणसाला थोरल्या भावाच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं होतं. हसा हवं तर. मला तरी हसू येत नाही.

मग दादाला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेकडेने अंधार आत सरकत येईल म्हणाले. घरी आल्यावर दादा म्हणाला, "डॉक्टरांना पोट असतं." मधला थोड्याच दिवसांत खेळण्यांच्या दुकानातून एक खोकं घेऊन आला. आत प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे. जोडून वीतभर रणगाडा होणार, दादा चालवायचा तसलाच.

"हे कसले भिकेचे डोहाळे?" मी विचारलं.

"दादाला दिसतंय तोवर त्याची गाडी त्याला दाखवायची आहे."

जोडणी त्याने भराभर उरकली. दातांची हत्यारं होतीच हाताशी. मग हिरवा रंग दिला आणि गाडी वाळायला घरच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात ठेवली. मी त्या दिवशी तिथेच होते. दादा चहाला आला आणि थबकला. मान इकडेतिकडे करत, अचूक जागा शोधत तो वाकला, आणि त्याला ती सापडली. हिरवीगार, नवी कोरी.

"अरे, झाली की!"

दादाचा चेहरा असा उजळलेला मी त्याच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. आणि आमच्या शहाण्याने काय करावं? झटकन तिच्यावर एक रिकामा डबा पालथा घातला.

"अजून नाही दादा. ही नुसती सुरुवात आहे. पुरी झाली की बघ."

"आणखी काय राहिलंय?" दादाने त्या डब्याकडे बघत विचारलं. मग कप घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर मी मधल्याला फैलावर घेतलं. "खूश झाला होता ना तो? द्यायची होतीस हातात!"

"ही कारखान्यातून निघालेली गाडी आहे. त्याची नाही. त्याची धुळीतून गेलेली, चिखलात रुतून निघालेली. अजून मळवायची आहे."

"जो माणूस रोज चपला पुसतो त्याला तू मळकी गाडी देणार?"

"मळ नसेल तर खेळणं दिसेल. दादा बघेल तेव्हा कळेल त्याला."

आणि मळवणं सुरू झालं. लोक घरातली धूळ झाडतात, हा खडू किसून धूळ करत बसला. शिपायांचे बूट घासून जिथे रंग उडेल तिथल्या कडांवर चंदेरी रेघ, साखळ्यांना गंज, इंजिनामागे काजळी. चाकांतला चिखल केला तो दातांच्या साच्याच्या प्लास्टरमध्ये माती कालवून. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर खालचा रंग उचलतो. एकदा चिखल फार ओला दिसतोय म्हणून सगळा खरवडून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी विचारलं की ठरलेलं उत्तर: "होत आलंय." सगळा हिवाळा ते होत आलेलं होतं.

इकडे दादा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागला. वर्तमानपत्र उघडून बसायचा, पण पान उलटायचा नाही. मी म्हटलं की खेकसायचा, "बातमी मोठी आहे." मी मधल्याला बजावलं, बाबा रे, आवर आता. त्याने मान हलवली, पण डोकं त्या साखळ्यांत अडकलेलं. दिवसभर लोकांच्या तोंडात काय दिसेल ते बघणारा माणूस, पण घरातल्या माणसाला काय दिसत नाही ते याला दिसेना.

शेवटी एकदाची झाली. बोटाला धूळ लागू नये म्हणून वरून बिनचमकीचं वॉर्निश मारलं, कारण दादा ती हातात घेणार हे त्याला ठाऊक होतं. रविवारी दुपारी मला मुद्दाम बोलावून घेतलं. खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिले. गाडी वरपासून खालपर्यंत मातीच्या रंगाची झाली होती, हिरवा कुठे झाकणाच्या आतल्या बाजूला असेल तेवढाच. लांबची वाट तुडवून आत्ताच थांबल्यासारखी वाटत होती.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. मधल्याने ती त्याच्या दोन्ही हातांत दिली. "दादा, ही तुझी गाडी."

दादाने तोफेच्या नळीवरून बोट फिरवलं. झाकण चाचपलं. चेहरा मात्र समोर, खिडकीकडे.

"छान!" तो म्हणाला. "छान केलीस मधल्या. हिरवा कसा लखलखीत आलाय! आत्ताच धुऊनपुसून उभी केल्यासारखी."

माझं तोंड उघडलं. मधल्याने माझा हात घट्ट दाबला.

"आवडली ना?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा होता, तो कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत.

"मी उगाच कुणाला छान म्हणतो का? फक्त खाली चाकाला काहीतरी लागलंय बघ. तेवढं पुसून टाक."

त्यानंतर दादाने गाडी खुर्चीशेजारी ठेवून घेतली. दूधवाला येवो, वरचा भाडेकरू येवो, प्रत्येकाला दाखवायचा. "धाकट्या भावाने केलीय. हिरवा बघा कसा आलाय." लोक गाडीकडे बघायचे, दादाकडे बघायचे आणि 'हो, हो' करून सटकायचे.

मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा गाडी हिरवी होती. पहिल्यासारखी नाही. चपट्या ब्रशने जाड थर फासलेला, दाराला देतात तसा. साखळ्या, रेघा, बारीकसारीक खिळे सगळं त्या रंगाखाली बुडालेलं. चाकांमधला चिखल हत्याराने उकरून काढला होता, त्याचे ओरखडे तेवढे उरले होते. मी मधल्याला स्वयंपाकघरात ओढला.

"काय केलंस हे?"

"वरचा परवा बोलून गेला असता. 'अहो, ही तर मळकी आहे,' म्हणायला तोंड उघडलंच होतं त्याने. मी मध्येच चहाचं विचारलं."

"बोलला असता तर निदान दादाने कबूल केलं असतं! दवाखान्यात नेता आलं असतं."

"मी डॉक्टरांना भेटून आलोय. आता तिथे काही करण्यासारखं नाही." तो नळाखाली ब्रश धूत होता. हिरवं पाणी वाहत होतं. "आणि दादा नाही कबूल करणार. आंधळा म्हणून घेण्यापेक्षा तो उपाशी राहील."

काहीतरी बरं बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुला हवं होतं ते तर मिळालं. छान म्हणाला तो."

"म्हणाला," मधला म्हणाला. "न बघता म्हणाला. बघत होता तेव्हा मी डबा पालथा घातला गं."

मी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि नळ बंद केला.

बाहेरून दादाची हाक आली. "चिमणे, गाडी बघितलीस का? ये इकडे. आणि मधल्या, अरे, दिवा लाव. अंधारात तिला हिरवा कसा दिसणार?"

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. भर दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, दादाच्या मांडीवर आणि गाडीवर पडलं होतं. मधल्याने पुढे होऊन बटण दाबलं.

"लावला, दादा," तो म्हणाला.