चिठ्ठीवरची तिसरी ओळ

करीमभाई गेल्याचं मला पोस्टात कळलं. कलकत्त्याच्या सरकारी संग्रहालयाला पाठवायचं पार्सल मी वजनाला ठेवत होतो आणि पोस्टमास्तर म्हणाले, "तुमचा पाखरंवाला गेला ना सकाळी..." पार्सलात त्यांनीच भरलेले चार पक्षी होते. मी ते तसंच घरी परत आणलं, दुसऱ्या दिवशी पाठवलं.

आमच्या गावात, ढाणकीत, ते गॅसबत्त्या आणि शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचे. छप्पन साली संग्रहालयाचं पत्र आमच्या शाळेत आलं, आपल्या भागातले पक्षी सोलून, भरून पाठवा म्हणून. मी विज्ञानाचा मास्तर, पण मला साधी चिमणी सोलता येईना. पत्रातली रीत मी करीमभाईंना वाचून दाखवली. त्यांनी दोन पक्षी नासवले आणि तिसरा असा केला, की एक पीस विस्कटलं नाही. कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा विषारी साबण चोळायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. कापसात सरकीचा एक दाणा राहिला तरी सगळं उपसून पुन्हा भरत. मी घाई केली की वैतागत, "तुमी फक्त कागद लिवा, मास्तर. हे पाखरू आपल्या मागं शंभर साल राह्यलं पाह्यजे."

पक्षी तेच मिळवून आणत आणि कुठला, कधीचा ते सांगत; चिठ्ठीचा कागद मी लिहीत असे, इंग्रजीतून. कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला. तिसऱ्या ओळीत मी सहा वर्षं स्वतःचं नाव लिहिलं. पत्र माझ्या नावे आलं होतं, अशी मी मनाची समजूत घालत आलो. खरं म्हणजे बत्तीवाल्याचं नाव कलकत्त्यात शोभणार नाही, असं मला वाटलं होतं. काय माझा शहाणपणा! त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे विचारणारंही कोणी नव्हतं.

मध्ये एकदा ते साडूबरोबर कलकत्त्याला जाऊन आले. "कशी ठेवलीत आपली पाखरं?" मी विचारलं. "लई जपून ठेवले, मास्तर," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नवा पक्षी घेऊन आले.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांची मुलगी जुबेदा बोलून गेली, "तिथल्या बाबूनं अब्बाले चिठ्ठ्या वाचून दाखवल्या होत्या. साऱ्यांवर तुमचंच नाव."

"मग मला बोलले का नाहीत?"

"म्हने, मास्तरले लाज वाटंल."

वाटली. अजून वाटते. मी संग्रहालयाला सगळं कबूल करून पत्र लिहिलं. उत्तर आलं, मूळ चिठ्ठी कधीच बदलली जात नाही.

ते सांगायला गेलो, तर जुबेदानं आतून एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं. कलकत्त्याहून आल्यापासून अब्बा तिच्याजवळ पाटी घेऊन बसत, असं म्हणाली. खोक्यात पांढऱ्या भुवयांचा एक लहानसा पक्षी होता. असा मी आमच्या भागात कधी पाहिला नव्हता. पायाच्या चिठ्ठीवर, तिसऱ्या ओळीत, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं... करीम. वरच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. त्या त्यांनी माझ्यासाठी सोडल्या होत्या.

"हे तं पाठवता ना, मास्तर?"

ठिकाण आणि तारीख नसलेला पक्षी संग्रहालय घेत नाही. हा त्यांना कुठे मिळाला, कधी मिळाला, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. पैनगंगेचा काठ आणि एखादी तारीख लिहून टाकणं मला जड नाही. पण ते खोटं त्यांच्या नावावर शंभर वर्षं राहील. खोकं माझ्या कपाटात आहे. जुबेदा बाजारात भेटली की विचारते, "पोचलं का?"

मी म्हणतो, "वाटेत आहे."