संग्रहाच्या खोलीत येतं कोण

एकाच खोलीत बरीच वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. त्यांना कपाट लागत नाही, डांबरगोळ्या लागत नाहीत, फॉर्मलिन बदलावं लागत नाही. अडचण एकच, सांगायला समोर कोणीतरी लागतं. माझ्यासमोर बहुतेक वेळा भुसा भरलेला एक रोहित पक्षी असतो, आणि त्याचे सगळे ऐकून झालेत. म्हणून आज तुम्ही सापडलात.

आमच्या विद्यापीठाचं उपकेंद्र बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे, दोन्ही अंगांना ऊस. आत संशोधन म्हणाल तर काय नाही! तळमजल्यावर उसाच्या रोगांची प्रयोगशाळा, शेजारी माती तपासणी, मागे मधमाश्यांच्या पेट्या आणि शेळ्यांचा गोठा, वरच्या मजल्यावर ड्रोन. शेतकऱ्यांच्या सहलीच्या सहली येतात. पिशव्यांतून माती येते, किडलेली कांडी येतात, वर्दळ असते.

हे सगळं ओलांडून वरच्या कॉरिडॉरच्या टोकाला आलात की माझी खोली. भिगवणच्या पाणवठ्यावरचे पक्षी, बाटल्यांतले साप, नदीतले शिंपले, कवट्या, कागदांत दाबून वाळवलेली झाडं. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि या संग्रहाचा प्रमुख आहे. हाताखाली कोणीही नाही, तेव्हा प्रमुख कोणाचा ते विचारू नका.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या संचालकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, चहा स्वतः ओतून देतो. म्हणाले, ड्रोनवाल्यांना जागा कमी पडतेय, तुमची खोली हवी आहे. मी म्हटलं, संग्रह? ते म्हणाले, “सर, तिथं येतं कोण?” मग ठरलं असं की विद्यापीठाची एक समिती येऊन पाहील. खोली वापरात आहे असं दिसलं तर राहील, नाहीतर सगळं खोक्यांत भरून पुण्याच्या गोदामात जाईल. तिथं गेलेली खोकी पुन्हा कोणी उघडत नाही, हे मला माहीत आहे. आणि मी गोदामात जाणार नाही, पण जाणार कुठं, हेही मला कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी आठवायला लागलो की इथं खरंच कोण कोण आलं होतं.

* * *

पहिले आठवले ते आमचे जुने शिपाई, तात्या. खंडेनवमीला केंद्रात प्रत्येक विभाग आपापल्या अवजारांची पूजा करतो. ट्रॅक्टरला हार, मायक्रोस्कोपला हार, हल्ली ड्रोनलाही हार असतो. माझ्याकडे अवजारं म्हणजे चिमटे आणि कात्र्या. तात्यांना ते फारच किरकोळ वाटलं. मी पेढे आणायला खाली गेलो तेवढ्यात त्यांनी सगळ्या कवट्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. घोडा, कोल्हा, वानर, कोणालाही वगळलं नाही. माझाही हात पुसायला धजावला नाही. देवाचं काम होतं.

पुढं प्रॅक्टिकलची परीक्षा आली. वानराची कवटी टेबलावर ठेवलेली, पोरांनी ओळखून वर्णन लिहायचं. एकीनं लिहिलं, ‘कपाळावर लाल ठिपका, भोवती पिवळा पट्टा. त्यावरून ही मादी असावी.’

बाहेरून आलेले परीक्षक कवटी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळत होते. मग मला म्हणाले, “विवाहित असं लिहिलं असतं तर पूर्ण मार्क दिले असते.”

तात्या रिटायर झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, खंडेनवमीला आता मीच हळदकुंकू लावतो. पण कपाळाला नाही, कपाटाला.

* * *

वनस्पतिशास्त्राच्या शिंदे मॅडम माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. इंदापूरच्या माळरानावरची गवतं गोळा करायचा त्यांना नाद. लोक माळाला पडीक म्हणतात, म्हणून त्या लोकांशी भांडायच्या. एकदा दिवाळीच्या सुट्टीत सगळा माळ पालथा घालून त्यांनी गवतं आणली, वर्तमानपत्रांत दाबली आणि उन्हासाठी मागच्या व्हरांड्यात पसरून ठेवली.

मागे गोठा आहे हे मी सांगितलंच आहे. संशोधनाची शेळी, तिला खुराक मोजून मिळायचा. ती दावं सोडवून आली आणि पवना, मारवेल, शेडा, सगळं खाऊन मोकळी झाली. फक्त कुसळी तेवढी ठेवली, घशात टोचते ना! मॅडम आल्या तेव्हा ती शेवटच्या वर्तमानपत्रावर उभी राहून रवंथ करत होती.

मला वाटलं बाई आता रडतात. त्या रडल्याच आधी. मग डोळे पुसून म्हणाल्या, “निदान कोणीतरी माझा संग्रह शेवटपर्यंत पाहिला.”

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, खूप लांब. आम्ही दुपारी डबे एकत्र खायचो. आता डब्यात काय आहे हे मला सकाळपासूनच माहीत असतं. खरं सांगतो, त्याचा फार कंटाळा येतो.

* * *

उसात बिबट्या आल्याची हूल आमच्याकडे दर हंगामात उठते. भवानीनगरकडच्या एका शिवारात असाच गवगवा झाला, तेव्हा मी जाऊन सगळ्यांना समजावून सांगितलं की घाबरू नका, ओल्या मातीत पाऊल उमटलेलं दिसलं तर त्यात प्लास्टर ओता, वाळलं की ठसा निघतो, तो मला आणून दाखवा. मी लगेच सांगेन बिबट्या की आणखी काय.

आठवड्याभरात तिघं जण जीप घेऊन आले. मांडीवर परात, परातीवर ओलं फडकं. फडकं उचललं तर आत गुळाची ढेप! प्लास्टर आणायला बारामतीला कोण जाणार, शेजारी गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीतून कढत पाक काढला आणि पावलात ओतला. आणि काय सांगू, इतका सुबक ठसा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बोटं, तळवा, सगळं जिथल्या तिथं.

त्यात नखंही होती. बिबट्या चालताना नखं आत घेतो, कुत्रा घेत नाही. मी जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं की हे कुत्र्याचं पाऊल आहे. तिघांचे चेहरे पडले. एवढी जीप काढून आले होते बिचारे. त्यांच्यातले वडीलधारे आबा परातीवर पुन्हा फडकं टाकत म्हणाले, “कुत्रं हाय व्हय? मग आमचा गूळ द्या माघारी.”

घेऊन गेले. थांबले असते तर चहा केला असता, गूळही तिथंच होता.

* * *

घरच्यांनाही या संग्रहाचा त्रास झाला नाही असं नाही. मेलेला पक्षी कोणी आणून दिला आणि कामाला लगेच वेळ नसला तर तो थंड ठेवावा लागतो. केंद्रातला फ्रीज शेळ्यांच्या लशींनी भरलेला, मग मी पक्षी जळोचीला घरी न्यायचो. एका पाडव्याला सोमेश्वरनगरहून मेहुणे जेवायला आले. हक्काचं घर म्हणून त्यांनी स्वतःच फ्रीज उघडला, वरच्या कप्प्यातला श्रीखंडाचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत पिंगळा, डोळे अर्धे मिटलेले.

मेहुणे पाटावर जाऊन बसले ते उठेचनात. माझी बायको मात्र स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, “दादा, श्रीखंड खालच्या कप्प्यात आहे. वर यांचे पाहुणे असतात.”

ती माझे शर्ट वेगळे धुवायची, फॉर्मलिनचा वास येतो म्हणून. रोज कुरकुर करायची आणि रोज धुवायची. ती जाऊन आता काही वर्षं झाली. शर्ट मीच धुतो, सगळे एकत्र. वास येत असेल तर मला कळत नाही, आणि सांगणारं कोणी नाही. वरचा कप्पा रिकामाच असतो.

* * *

मध्यंतरी सोमेश्वरनगरच्या एका बचत गटाच्या बायका ड्रोन बघायला आल्या होत्या. ऐन वेळी लाईट गेली, बॅटऱ्या चार्ज नव्हत्या. ड्रोनवाला पोरगा धावत आला, “सर, तासभर सांभाळा ना!”

मी इतका खूश झालो की सांगता सोय नाही. रोहित पक्षी चोच उलटी धरून कसा खातो, मातीच्या ढिगाऱ्यावर एकच अंडं कसं घालतो, पिलाला दोघं मिळून कसं भरवतात, सगळं सांगितलं. बायकाही मन लावून ऐकत होत्या. शेवटी मी विचारलं, कोणाला काही शंका? एक काकी पुढं आल्या आणि म्हणाल्या, “पाखराचं समदं कळलं. तुमच्या घरी कोन कोन असतं?”

मी म्हटलं, मी असतो.

लाईट आली. बायका ड्रोनकडे गेल्या. काकी जाताना पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून रोहित पक्ष्याशेजारी ठेवून गेल्या. ती मी बरेच दिवस पुरवून खाल्ली.

* * *

आता समितीचा दिवस.

खोली वापरात दिसायला हवी म्हणून मी थोडा बनाव रचला होता, लपवत नाही. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सांगून ठेवलं होतं, वह्या घेऊन या, कवट्यांची चित्रं काढत बसा, संध्याकाळी सगळ्यांना मिसळ. सकाळी बाटल्या पुसल्या, रोहित पक्ष्याला ब्रश केला. आणि पोरं आलीच नाहीत. साखर कारखान्यावर त्याच वेळी नोकरीच्या मुलाखती निघाल्या होत्या. त्यांचं काय चुकलं? नोकरीपुढं मिसळ काय! मी खुर्ची दाराकडे वळवून बसलो. आवारात समितीची गाडी शिरल्याचं खिडकीतून दिसलं. आधी ते संचालकांकडे चहा घेणार, मग वर येणार.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, पायात चपला नव्हत्या, त्या तिनं बाहेरच काढल्या होत्या. तिचा पुतण्या माती तपासायला खाली आला होता, त्यानं तिला जिन्यापर्यंत सोडलं होतं.

“मास्तर, आमच्या गावचं झाड हाय म्हनं तुमच्यापाशी.”

कुठलं गाव, मी विचारलं. तिनं नाव सांगितलं. ते गाव आता नकाशावर नाही. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा भीमाकाठची जी गावं उठली, त्यांतलं ते एक. पाणी चढायच्या आधी आमचे एक जुने प्राध्यापक काठाकाठानं फिरून प्रत्येक गावातल्या झाडांच्या फांद्या घेऊन आले होते. ते कधीच वारले. त्यांचे गठ्ठे खालच्या खणात असतात. इतक्या वर्षांत ते बघायला कोणी आलं नव्हतं. पुतण्यानं मागे कधीतरी उघड्या दारातून डोकावताना मला त्या गठ्ठ्यांबद्दल विचारलं होतं म्हणे, मला आठवतही नव्हतं.

मी गठ्ठा सोडला. तिच्या गावचा एकच कागद होता. चिंचेची वीतभर फांदी, पानं तपकिरी पडलेली, दोन कोवळे आकडे. खाली लिहिलेलं, नदीच्या उताराजवळ, मोठं झाड.

ती म्हणाली, “हीच.” मग इकडंतिकडं बघून नळ कुठाय म्हणाली. हात धुतले, पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला. मी टेबलापाशी खुर्ची सरकवली. ती बसली, पण कागदाकडे बघेना. माझ्याकडेच बघत राहिली.

“मास्तर, तुमी जरा बाहीर थांबता का?”

नमुन्यापाशी बाहेरच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा माझा पहिला नियम आहे. वाळलेली पानं, नुसता हात लागला तरी चुरा होतो. मी म्हटलं, हात लावू नका फक्त. तिनं मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही. मी बाहेर आलो आणि तिनं आतून दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. ती हळू आवाजात बोलत होती. मध्ये थांबायची, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी, आणि पुन्हा बोलायची. एकदा हसलीही. शब्द कळत नव्हते आणि मी दाराला कान लावला नाही.

जिन्यावर बूट वाजले. संचालक पुढं, मागे समितीचे तिघं, त्यांतल्या एका बाईंच्या हातात मोजायची टेप. संचालक मला बघून म्हणाले, अहो, बाहेर का उभे? उघडा, यांना पुढं ड्रोनही बघायचाय. आणि त्यांनी कडीला हात घातला.

मी मध्ये उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणा वरिष्ठाचा हात धरला.

“जरा थांबावं लागेल सर,” मी म्हणालो. “आत माणसं आहेत.”