शक्तीवाला मुरलीधर, तुरेवाला किसन

आमच्या खोलीत सहा खाटा आणि त्यातल्या एकीवर किसनदा. मी सुजीत, कराडकडचा, टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. किसनदा त्याच कारखान्यात भट्टीवर. इकडं दुबईजवळ, रास अल खैमाच्या उन्हाळ्यात सावलीतसुद्धा जीव नकोसा होतो, आणि हा बाबा भट्टीपुढं अख्खी पाळी काढतो. वर खोलीवर आला की आंघोळ करून गातो. गातो म्हणजे काय, छप्पर उडवतो! सुरुवातीला मी उशी कानावर दाबली, शिव्या घातल्या, खोली बदलून मागितली. पण पालथ्या घड्यावर पाणी.

किसनदा गुहागरकडचा. तिकडं शक्ती-तुऱ्याचे सामने होतात, हे मला इथं येऊन कळलं. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. शक्तीवाला म्हणणार देवी मोठी, तुरेवाला म्हणणार शिव मोठा. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. नाही दिला तर हरला. किसनदा तुरेवाला. सवाल काढायला पोथ्या लागतात, त्या त्यानं लुंगीत गुंडाळून खाटेखाली ठेवल्यात. सुट्टीच्या दिवशी कुळथाची पिठी रटरटत असते आणि हा ओळीवर बोट ठेवून वाचत बसलेला असतो. मध्येच "सापडला!" म्हणून ओरडतो. शेजारच्या खोलीतला पेशावरचा तहा दचकून विचारतो, "क्या मिला, भाई?" आता त्याला काय सांगायचं, कपाळ!

त्याचा शक्तीवाला म्हणजे मुरलीधर. शेजारच्या गावचा, दुबईत जुमेरा लेक टॉवर्स भागातल्या एका इमारतीत एसीच्या मेंटेनन्सला. महिन्यातून एकदा तो बसनं यायचा. मग दोघं समुद्राकाठच्या बाकावर कडक चहा घेऊन बसायचे आणि संध्याकाळपर्यंत भांडायचे. गाऊन भांडायचे. मीही जायचो. नुसतं चहासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचो.

यंदा मुरलीधरचा आवाज बसला. आधी वाटलं, एसीची धूळ. मग तपासण्यांत घशात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, म्हणजे आवाज कायमचा खलास. गावी जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. जाण्याआधी एक सामना होणार होता. शेवटचा.

त्याच्या आदल्या दिवशी मुरलीधरच्या बायकोचा, सगुणावहिनींचा, गावाहून फोन आला. किसनदाच्या फोनचा स्पीकर चालूच असतो, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"भावजी, एक मागते. उद्या त्यांना जिंकू द्या. तुम्हाला जवाब आला तरी गप्प बसा. परत कधी गायचे नाहीत हो ते."

किसनदा नुसता "वहिनी..." म्हणाला. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "गप्प बसायला काय जातंय तुझं? माणसाला आनंदात जाऊ दे की!"

"बघू," म्हणाला. त्या दिवशी तो गायला नाही. खरं सांगतो, मला ती शांतता सोसली नाही.

दुसऱ्या दिवशी मुरलीधर आला. गळ्याला मफलर, गाल बसलेले. चहा त्याला गिळवेना. तरी बाकावर ताल धरून त्यानं सवाल टाकला. आवाज कसला, नुसती खरखर.

"डोळे मिटून शिव बसला, हलेना डुलेना,
शक्ती नसता घरात त्याच्या चूल पेटेना.
सांग तुऱ्या, मग थोर कोण?"

मी किसनदाकडं बघितलं. डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. त्यानं खाली बघितलं, हात दोनदा चोळले आणि असा आवाज लावला, की फिरायला आलेली माणसं थांबली.

"चुलीखाली भुई कुणाची, सांग शक्तीवाल्या?
भुई हलेना म्हणून चुली राहिल्या पेटलेल्या!"

मला तिडीक आली. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? जवाब देणाऱ्यानं उलट सवाल टाकायचा, ही त्यांची रीत. त्यानं टाकला, आणि टाकला तोही कसला!

"ढोलकी नाही, झांज नाही, नाही गळ्यात स्वर,
सांग शक्ती, तेव्हा कुठं असतं गाण्याचं घर?"

"अरे काळीज आहे का फरशी?" मी ओरडलो. "ज्याचा गळा चाललाय त्याला हे विचारतोस?"

मुरलीधरनं तोंड उघडलं. सूर फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. किसनदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण त्यानं सवाल मागं घेतला नाही. तेव्हा मुरलीधरनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि कुजबुजत म्हणाला, "ह्याला बोलू नको, सुजीत. काल हिनं ह्याला फोन केला होता, हाय मला माहीत. आज ह्यानं मला सोडलं असतं ना, तर मला कळलं असतं, मी मेलोय."

मग किसनदाकडं वळून म्हणाला, "किसन्या, सवाल उधार. जवाब देणार."

"वाट बघतो, मुरल्या," किसनदा म्हणाला. दोघं गळ्यात पडून रडले, आणि मी चहाचे पैसे द्यायच्या निमित्तानं तिथून उठलो.

मुरलीधर गावी गेला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. सगुणावहिनींनी किसनदाचे फोन उचलायचं बंद केलं. त्यांचा राग मला पटत होता. किसनदा भट्टीवरून यायचा, जेवायचा, पोथी उघडून तेच पान धरून बसायचा. "मी चुकलो का रे?" एकदा त्यानं विचारलं. मी त्याच्यापुढं चहा ठेवला.

परवा संध्याकाळी आम्ही भाकऱ्या थापत होतो, तेवढ्यात मुरलीधरच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. किसनदानं पिठाच्या हातानंच लावला. आधी बाकावर धरतात तसा लाकडावरचा ठेका आला. तो मुरलीधरचाच. आणि मग एका बाईचा आवाज, कापरा, सुरात कमी, पण ठाम.

"सूर गेला गळ्यामधून, गेला नाही वाया;
जिनं ऐकला चुलीपाशी, ती लागली गाया."

तव्यावरची भाकरी जळाली. किसनदानं दोन्ही हात जोडले. "दिला जवाब," म्हणाला. "बरोबर दिला."

मेसेज संपला नव्हता. ठेका थांबला आणि सगुणावहिनी साध्या आवाजात बोलल्या, "शब्द ह्यांनी लिहून दिले, भावजी. आता आमचा सवाल ऐका. आणि मला सूट द्यायची नाही."